तेरा नंबरच्या बाईंचा वेग

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता संस्थेच्या असं लक्षात आलं, की म्हातारपणी माणसं पळायला लागतात.

शोध मोठा होता. लावला होता दशांशताईंनी. या बाई संस्थेत आकडेमोडीच्या खात्यात होत्या. चहात साखर किती घालू असं विचारलं, तरी "दीड" न म्हणता "एक पूर्णांक पाच" म्हणायच्या, त्यावरून हे नाव पडलं. वयाने तशा लहान, पण आकड्यांच्या बाबतीत कुणाच्या सासूबाई शोभाव्यात इतक्या कडक. त्या हातात कागदांचा गठ्ठा घेऊन तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "केबलकाका, तुमचे म्हातारे मला पळताना दिसतायत."

तिसऱ्या मजल्यावर माणसांचं चालणं मोजायचे. साठीच्या पुढची, बरी हिंडतीफिरती माणसं बोलवायची. त्यांनी जमिनीवरच्या दोन पिवळ्या पट्ट्यांमधून सहा मीटर चालायचं, वळायचं, परत यायचं, असं वीस मिनिटं. त्यांच्याकडे चार कॅमेरे बघायचे. कॅमेरे काही फार मोठे नव्हते. घरोघरी संगणकाच्या डोक्यावर बसवतात तसलेच, लिंबाएवढे, यूएसबीची शेपटी असलेले. जे चित्रण व्हायचं ते पुढे कोणी माणूस बघत नसे. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. तो पावलं ओळखायचा, मोजायचा आणि आकडे दशांशताईंकडे पाठवायचा. एकूण चाळीस माणसं चालून गेली होती आणि त्यांना चालताना पुन्हा एकदाही कोणी पाहिलं नव्हतं.

कॅमेरे, वायरी, खुर्च्या, पट्ट्या आणि येणाऱ्या माणसांची विचारपूस हे सगळं केबलकाकांकडे. वय एकसष्ट. निवृत्त होऊन झालं होतं, पण संस्थेला कळेना की ह्यांच्याशिवाय कुठली वायर कुठे जाते, म्हणून करारावर परत घेतलं होतं. काम चोख. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तपासणीची यादी चिकटवली होती. एक, सर्व दिवे लावणे. दोन, चारही कॅमेरे जोडणे. तीन, चाचणी चित्रण घेणे. असे सतरा मुद्दे. ते सतराही पार पडले की मगच दार उघडायचं, आलेल्या आजोबांना नाहीतर आजींना आत घ्यायचं, पाणी द्यायचं, जरा दिवे कमी करायचे, गुडघ्याची चौकशी करायची आणि सुरू.

"हे पाहा," दशांशताईंनी पहिला कागद टेबलावर ठेवला. "अठरा नंबर. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा. वय एक्क्याऐंशी. मिनिटाला एकशे अठ्ठ्याऐंशी पावलं. नोकरीत असताना एवढे चालले असते तर पत्रं वेळेवर पोचली असती हो."

"माणूस चपळ होता," केबलकाका म्हणाले.

"आणि ह्या तेरा नंबरच्या बाई. अर्जात लिहिलंय, हातात काठी, उजवा गुडघा दुखरा. मिनिटाला एकशे छत्तीस पावलं. सैन्यात होत्या का?"

केबलकाका खाली वाकले आणि टेबलाखालची एक वायर तपासू लागले. वायरीला काही झालेलं नव्हतं.

तेरा नंबर म्हणजे त्यांची बायको.

त्या दिवशी यायचे होते ते गृहस्थ आले नाहीत. दिवस फुकट जायला नको म्हणून केबलकाकांनी घरी फोन केला आणि ती आली, रीतसर सही करून चालून गेली. त्यानंतर पाच महिन्यांनी ती गेली. तिला आयुष्यात कशाचीच घाई नसे. एवढ्या एकाच बाबतीत तिने घाई केली. संस्थेत नावं लिहायची नाहीत, फक्त नंबर, असा नियम असल्यामुळे दशांशताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मोठ्या बाईंना, म्हणजे विभागप्रमुखांना, आणि त्या या विषयावर बोलायचं टाळत, कारण त्यांना बोलायला जमत नसे.

अकराला मोठ्या बाईंनी बैठक घेतली. चाळीसपैकी अकरा नोंदी बिघडलेल्या होत्या. तेरा, चौदा, सतरा, अठरा, बावीस आणि पुढे असेच सुटे सुटे. दुखणं काय ते केबलकाकांना आकडे बघूनच कळलं होतं. त्यांनी ते समजावून सांगितलं.

"कॅमेरा सेकंदाला तीस फ्रेम घेतो. फ्रेम म्हणजे एक चित्र. संगणक ही चित्रं माळेसारखी ओवतो आणि धरून चालतो, की एका सेकंदात तीस मणी. आता कॅमेऱ्याने पंधराच दिले, तरी संगणक मोजतो तीसच. म्हणजे दोन सेकंदांचे मणी तो एका सेकंदात खपवतो. माणूस दुप्पट पळतो. आवाज वेगळ्या माइकवर घेतोय आपण, तो बिचारा बरोबर वीस मिनिटांचा आहे. चित्र मात्र दहा मिनिटांत संपतंय."

"मग सोपं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुप्पट लांब करा."

"चालणार नाही," दशांशताई म्हणाल्या. "फ्रेम सारख्या अंतराने कमी झाल्या असतील तरच ते खरं. कुठे दहा गळल्या, कुठे दोन, असं असेल तर चाल कोणाची आणि चूक कोणाची हे देवाला कळणार नाही. कारण सांगा, मी आकडा दुरुस्त करते. कारण नसलेली दुरुस्ती म्हणजे थाप."

बरोबरच होतं. केबलकाकांनी मान हलवली.

"शुक्रवारी चारपर्यंत," मोठ्या बाई म्हणाल्या. "कारण सापडलं तर ठीक. नाहीतर अकरा नोंदी अभ्यासातून बाद. आणि बाद म्हटल्यावर..." त्या थांबल्या, चष्मा काढला, परत घातला. "नियम तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होता. लोकांचे चेहरे असलेलं चित्रण अभ्यासात असेल तोवरच ठेवायचं. अभ्यासातून गेलं की पुसायचं. तसं लेखी वचन प्रत्येकाला दिलेलं असे, आणि पुसायचं बटण दाबायचं काम अर्थातच केबलकाकांचं.

घरी तिचे फोटो होते. पण फोटोत ती चालत नव्हती. फोन समोर धरला की ती तोंडावर हात तरी घ्यायची, नाहीतर स्वयंपाकघरात तरी पळायची. म्हणजे पळायची नाही, सावकाश जायची, पण जायची. हलणारी, बोलणारी, वळणारी अशी ती जगात एकाच ठिकाणी उरली होती, आणि ते ठिकाण तेरा नंबरच्या फायलीत होतं. त्या फायलीची गुपचूप नक्कल करून घ्यायला केबलकाकांना कोणी अडवलं नसतं. संगणकाच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच खिशात. चोर व्हायला त्यांना किल्लीसुद्धा शोधावी लागली नसती. पण नोंद संस्थेबाहेर जाणार नाही, या कागदावर बायकोची सही होती, आणि तिने सही केलेला कागद मोडायची छाती त्यांना सबंध संसारात कधी झाली नव्हती.

तर कारण शोधायचं होतं. दिवस पाच.

सोमवारी त्यांनी यूएसबी हब पकडला. चारही कॅमेरे एकाच हबवर होते. एका नळाला चार बादल्या लावल्या तर धार बारीक होणारच. त्यांनी कॅमेरे सोडवले, प्रत्येकाला संगणकाचं वेगळं तोंड दिलं, जाड आणि आखूड वायरी लावल्या. प्रोग्रॅमात एक छोटी खिडकी उघडता येई, तिच्यात सेकंदाला किती फ्रेम येतायत ते दिसे. खऱ्या चित्रणाच्या वेळी ती उघडायची नाही, संगणकावर भार पडतो, असा त्यांचाच मुद्दा क्रमांक अकरा होता. आता त्यांनी ती उघडली. तीस. बरं झालं. मग खात्री म्हणून सगळं परत जुन्या हबवर लावलं. तेव्हाही तीस.

मंगळवारी हार्ड डिस्क. ती लिहायला हळू असेल. तीस. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम मध्ये लुडबुड करत असेल. तो चालू ठेवून तीस, बंद करून तीस. वीज वाचवायला संगणक यूएसबीला डुलकी काढू देतो, ती सोय बंद केली. तीस. कॅमेरे तापत असतील म्हणून दोन तास चालू ठेवले. हात लावला तर ताप आलेल्या पोरासारखे गरम, पण तीस. स्वतः काठी घेऊन पट्ट्यांमधून चालले. सहा मीटर गेले, सहा मीटर आले. तीस. डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दात दुखायचा थांबतो, तशी ही गत. एकटे असले की सगळं ठीक चालायचं. माणूस आलं की बिघडायचं. केबलकाकांच्या घरी बरोबर याच्या उलट होतं.

बुधवारी दशांशताई मदतीला आल्या. म्हणजे जखमेवर आकडे चोळायला आल्या.

"काही धागा?"

"वार बघितले. सोमवारही आहेत, गुरुवारही आहेत. वजनं बघितली. हलकी माणसंही पळतायत, जडही. चपलांचे रंग मांडलेत."

"चपलांचे?"

"काही सुचेना म्हणून."

दशांशताईंनी तो कागद गंभीरपणे तपासला. "संबंध शून्य पूर्णांक शून्य चार," त्या म्हणाल्या. "म्हणजे चपला निर्दोष आहेत. आवाज ऐकलेत का? अकराही?"

"दहा ऐकले."

"आणि अकरावा?"

"ऐकायचाय."

दहा खरोखर ऐकले होते. पोस्टातले आजोबा चालताना श्वास टाकत गाणं गुणगुणत होते. बावीस नंबरच्या आजी आपल्या सुनेविषयी वीस मिनिटं बोलल्या होत्या, तेही अत्यंत बरं, त्यामुळे संशय यायचा. सगळीकडे पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत चित्र दुप्पट पुढे. कुठे सुरुवात नाही, कुठे खूण नाही. चोर आधीपासून घरात बसलेला असला की दार कधी वाजलं ते कसं कळणार?

"त्या तेरा नंबरच्या बाईंपासून हे सुरू झालंय," दशांशताई जाताजाता म्हणाल्या. "बारापर्यंत एकही नोंद बिघडलेली नाही. मी असते तर आधी तेराच काढली असती. पण तुम्ही जाणते."

जाणत्या माणसाने त्यावर चहा घेतला.

घर संस्थेपासून दीड किलोमीटरवर. केबलकाकांची चाल भरभर. दोघं बरोबर निघायची तेव्हा ते प्रत्येक कोपऱ्यावर पुढे जाऊन थांबायचे आणि ती मागून, दुकानांच्या काचांत बघत, ओळखीच्या मांजरांशी बोलत, यायची. आता थांबायचं कारण नव्हतं. वीस मिनिटांत घरी पोचायचे आणि मग पुढच्या संध्याकाळचं काय करायचं हा प्रश्न पडायचा. बाहेरच्या खोलीत दोन ट्यूब होत्या, त्यातली एकच लावायचे. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दुसरी कायम बंद. डोळे राहिले नाहीत, सवय राहिली.

त्या दिवशी लेकीचा व्हिडिओ फोन आला. ती दूर, आणि नेट त्याहून दूर, त्यामुळे तिचा चेहरा तीन सेकंदांतून एकदा हलायचा.

"बाबा, तुमचा चेहरा अडकलाय."

"माझा चेहरा असाच आहे."

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"ताटात होतं ते."

"आई असती ना, तर..." आणि चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडं, भुवई वर, हुबेहूब आईसारखी. केबलकाका त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसले. असं एक चित्रण आहे हे त्यांनी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. आधी बघायचा धीर नव्हता म्हणून. आता शुक्रवारी पुसलं गेलं तर तिला आई दुसऱ्यांदा गमवावी लागेल म्हणून. चित्र पुन्हा हललं तेव्हा लेक म्हणत होती, "बरं ठेवते, काळजी घ्या." मधलं काय ते गळलं.

गुरुवारी दुपारी मोठ्या बाई आणि दशांशताई दुसऱ्या इमारतीत बैठकीला गेल्या. केबलकाकांनी दार लावून घेतलं, हेडफोन कानाला लावले आणि तेरा नंबरचा फक्त आवाज सुरू केला. चित्राची खिडकी मुद्दाम बंद ठेवली. एकेक करून सोसावं असा हिशेब.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग त्यांचा स्वतःचा, सरकारी पत्रासारखा.

"पिवळ्या पट्टीवर उभ्या राहा. नाव सांगायचं नाही. आपला नंबर सांगा."

"आपला?" ती म्हणाली. "अहो, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला आपण म्हणालात. आधी माहीत असतं तर दर आठवड्याला चालायला आले असते."

"नंबर."

"तेरा. तुमच्या यादीत असा नंबर मलाच बरा मिळाला. काठी घेऊ, का अभ्यासाला बिनकाठीची बाई हवी?"

"घ्या."

"आणि हे दिवे हो. डोळ्यांत सुया गेल्यासारखं होतंय. अर्धे घालवा की."

"यादीत लिहिलंय, सर्व दिवे..."

"यादीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय का?"

मग पावलं, त्यांची स्वतःची, भिंतीकडे जाणारी. खट्. खट्.

"आता बरं?"

"आता घरच्यासारखं वाटतंय."

आणि मग काठी. टक्. पाऊल, पाऊल. टक्.

केबलकाकांनी हेडफोन काढले नाहीत. किती वेळ ऐकत बसले हे त्यांना सांगता आलं नसतं, पण संगणकाला येत होतं: सहा मिनिटं आणि बारा सेकंद. मग ते दोन खट् त्यांच्या डोक्यात अडकले. त्यांनी आवाज पुन्हा सुरुवातीला नेला, चित्राची खिडकी उघडली आणि दोन्ही एकदम सोडलं.

ती समोर उभी होती. करडा स्वेटर, खांद्याला पिशवी, कारण पिशवी काढून ठेवायची असते हे तिला कधी पटलं नाही. "आपला?" म्हणताना ओठ हलले, आणि शब्द बरोबर त्याच क्षणी आला. "दर आठवड्याला" ओठांवर, "दर आठवड्याला" कानात. एक्केचाळीस सेकंद चित्र आणि आवाज हातात हात घालून चालले.

खट्. खट्. चित्र काळवंडलं. मग कॅमेऱ्याने डोळे किलकिले करावेत तसं हळूहळू परत उजळलं, जणू काही झालंच नाही. आणि तिथून पुढे फाटलं. काठीचा पहिला आवाज येईपर्यंत ती तीन पावलं गेलेली. दुसरा येईपर्यंत पलीकडच्या टोकाला. वळली, मानेला झटका दिला, निघाली. बायको पुढे निघून गेली आणि तिचा आवाज मागे राहिला.

केबलकाका उठले. पडदे ओढले, कारण बाहेर लख्ख ऊन होतं. फ्रेमचा आकडा दाखवणारी खिडकी उघडली. सर्व दिवे लावले. तीस. भिंतीकडे गेले. खट्, खट्. मागे वळून बघितलं. पंधरा. दिवे लावले. तीस. घालवले. पंधरा. असं त्यांनी अकरा वेळा केलं. शास्त्राला तीन वेळा पुरतात. उरलेल्या आठांना शास्त्रीय कारण नव्हतं.

शुक्रवारी चारला त्यांनी मोठ्या बाईंना आणि दशांशताईंना खोलीत उभं केलं आणि हाच खेळ करून दाखवला.

"कॅमेऱ्यात एक सोय असते, उजेडाप्रमाणे स्वतःच जुळवून घ्यायची. कारखान्यातून चालूच येते. उजेड कमी झाला की हा प्रत्येक चित्राकडे जास्त वेळ बघत बसतो. भला आहे बिचारा, अंधारात नीट दिसावं म्हणून. एका चित्रात दोघांचा वेळ जातो, म्हणून तिसाचे पंधरा होतात. बरोबर पंधरा. गळती नाही, सारख्या अंतराने. काठीचा प्रत्येक टक् आणि पावलाचं प्रत्येक चित्र मी जुळवून पाहिलंय. हे पाहा, तेरा नंबरचे चारशे बारा टक्."

दशांशताईंनी कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. चारशे बारा आकडे वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर, इतर बायकांच्या चेहऱ्यावर बाळ बघून येतं, तसं काहीतरी आलं.

"पण मग सगळ्याच का नाही बिघडल्या?"

"खिडकी. ऊन असेल त्या दिवशी अर्धे दिवेही पुरायचे. आभाळ आलं की नाही."

"चपलांच्या जागी आभाळ मांडायला हवं होतं आपण," दशांशताई म्हणाल्या. "आणि चाचणीत का नाही सापडलं?"

"चाचणी सर्व दिवे लावून. मुद्दा क्रमांक एक. दिवे कमी करायचे ते नंतर, माणूस आत आलं की. ते काम म्हणून नव्हतो करत मी. पाणी देतो तसं. त्यामुळे यादीत नाही."

मोठ्या बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. "इथे लिहावं लागेल. दिवे कोणी घालवले?"

"मी."

"पहिल्यांदा कधी?"

"तेरा नंबरला. एक्केचाळिसाव्या सेकंदाला. पुढच्या सगळ्यांना मग मीच करत गेलो. बऱ्याच जणांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असतं."

"का घालवले?" हा प्रश्न दशांशताईंचा.

"बाईंनी सांगितलं."

"तुम्ही कुठल्याही बाईंचं ऐकता? मी चार वर्षं सांगतेय, फायलींना नावं नीट द्या म्हणून."

"ह्यांचं ऐकायची सवय होती," केबलकाका म्हणाले.

मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. स्वच्छ होता, तरी बराच वेळ पुसला. मग त्यांनी लिहिलं: कारण, कमी उजेड. चूक, यादीतील त्रुटी. उपाय, कॅमेऱ्याची स्वयंचलित सोय बंद करणे. अकरा नोंदी दुरुस्त करून अभ्यासात ठेवाव्यात, फक्त चालण्याच्या वेगासाठी. अभ्यासात ठेवलेली नोंद दहा वर्षं जपायची असते. दहा वर्षांनी केबलकाका एकाहत्तर वर्षांचे असतील. त्यापुढचं त्यापुढे.

"दुरुस्त केलेली प्रत्येक नोंद एकदा पूर्ण बघून, खाली सही लागेल," त्या म्हणाल्या. "कोणातरी माणसाची."

"बघतो," केबलकाका म्हणाले.

दहा नोंदी त्यांनी सोमवार ते बुधवार पाहिल्या. तेरा नंबर गुरुवारी. पहिली एक्केचाळीस सेकंदं होती तशीच ठेवली होती, पुढचं दुप्पट लांब केलं होतं. चित्र जरा अडखळत चालायचं, पण ती तशीही अडखळतच चालायची.

ती चालली. टक्. पाऊल, पाऊल. टक्. टोकाला गेली, वळली, थांबली. प्रोग्रॅमने जिथे "मानेला झटका" अशी नोंद केली होती, तिथे झटका नव्हताच. ती कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे बघत होती, भुवई वर करून, बरोबर चाललेय ना असं विचारत. कॅमेऱ्याच्या उजवीकडे त्या दिवशी कोण उभं होतं हे यादीत नव्हतं. तिने तिकडे दोन सेकंद पाहिलं, तिथून मान हललेली दिसली असावी, कारण ती निघाली. दर फेरीला तेच. दर फेरीला खुर्चीतल्या केबलकाकांचीही मान हलली. नियमात एकदा पूर्ण बघायचं होतं. त्यांनी एकदाच बघितलं. खाली लिहिलं: तपासले, ठीक. सही केली. सही जरा वाकडी आली, ती तशीच ठेवली.

दशांशताई नवा तक्ता घेऊन आल्या तेव्हा ते वायरी गुंडाळत होते.

"काका, तुमच्या तेरा नंबरच्या बाईंचं काही खरं नाही. मागच्या तक्त्यात मी त्यांना सैन्यात भरती केलं होतं. आता मिनिटाला अडुसष्ट. चाळिसांत सगळ्यांत हळू."

"असणारच."

"का? ओळखीच्या होत्या?"

"घरच्या," केबलकाका म्हणाले.

दशांशताईंनी तक्त्याकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं, मग एका वायरीचं दुसरं टोक उचललं आणि उलट्या बाजूने गुंडाळायला सुरुवात केली. ती गुंडाळी पुढे सोडवायला केबलकाकांना अर्धा तास लागला, पण त्यांनी अडवलं नाही.

संध्याकाळी ते घरी निघाले. पहिल्या कोपऱ्यावर सवयीने भराभर गेले आणि थांबले. घड्याळ काढलं. मिनिटाला अडुसष्ट म्हणजे पाऊल टाकून मध्ये जरा वाट बघायची. सुरुवातीला जमेना, पाय पुढे पळायचे. औषधाच्या दुकानापाशी लय सापडली. काचेत बघायला वेळ मिळाला. भिंतीवर एक पिवळं मांजर बसलं होतं, त्याने केबलकाकांकडे बघून ओळखीची मान वळवली आणि मग आपली चूक झाल्यासारखं तोंड फिरवलं.

पोचायला पन्नास मिनिटं लागली. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या.

"आज उशीर, काका?"

"नाही," केबलकाका म्हणाले. "रोज लवकर येत होतो."

घरात आल्यावर त्यांनी एक ट्यूब लावली. दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं, आणि तसंच काढून घेतलं. मग लेकीला फोन लावला, कारण तिला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सावकाश सांगायची होती. चित्र लगेच अडकलं. आवाज मात्र स्वच्छ येत होता.